महामारीतील उपासमार आणि खात्यात आलेली मदत : सातारा-सांगलीतील कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते अशा सातारा व सांगली जिल्ह्यांतील कुटुंबांपुढे आजाराच्या आधी जेवणाचा प्रश्न उभा राहिला. त्या काळात आणि त्यानंतरही वस्त्यांवर, रेशन दुकानासमोर आणि तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर लोकांनी आम्हा कार्यकर्त्यांना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते येथे एकत्र केले आहेत. त्यांतील काही प्रश्न झालेल्या गोष्टींचे आहेत. बरेचसे मात्र आजही तितकेच लागू आहेत, कारण ज्या याद्यांवरून तेव्हा मदत वाटली गेली त्याच याद्या अजून चालू आहेत.

अन्न-असुरक्षा म्हणजे उपासमारच का?

उपासमार हे तिचे शेवटचे टोक आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना ही असुरक्षा मोजण्यासाठी आठ प्रश्न विचारते. त्यांतला पहिला प्रश्न अन्न पुरेल की नाही याची काळजी वाटली का, असा असतो आणि शेवटचा दिवसभर काहीच न खाता राहावे लागले का, असा असतो. आपल्याकडे ही उतरण घराघरांत ओळखू येते. आधी दूध बंद होऊन कोरा चहा येतो, मग आमटी पातळ होते, मग कालवण जाऊन चटणी-भाकरी उरते, आणि त्यानंतर घरातली बाई सगळ्यांचे झाल्यावर उरले तरच जेवते. टाळेबंदीत उपासमारीने कोणी दगावले नाही असे सांगून अनेकांनी हा विषय मिटवला. पण वर सांगितलेल्या पायऱ्या उतरलेली घरे मोजायला कोणी बसले नव्हते. महामारीच्या आधीच, २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली होती. संकट आले ते अशा शरीरांवर आले, हे विसरता येत नाही.

आपल्या भागात नेमकी कोणती कुटुंबे अडचणीत आली?

माण, खटाव, जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांचे नाव सगळ्यांच्याच मनात पहिले येते आणि ते बरोबरही आहे, कारण तेथील कोरडवाहू शेतकऱ्याला वर्षातील काही महिने बाहेर जाऊन कमवावेच लागते. परंतु या वेळी बागायती पट्टाही सुटला नाही. द्राक्षाचा हंगाम संपत आला असतानाच बाजार बंद झाला, त्यामुळे तासगाव-मिरज भागातील तोडणीच्या आणि बेदाण्याच्या कामावरील मजुरी बुडाली. सांगलीच्या बाजार समितीत हळद आणि गुळाची आवक थांबली तशी हमालांची हजेरीही थांबली. विट्याचे यंत्रमाग बंद पडले. महाबळेश्वर-पाचगणीला उन्हाळ्याचा हंगाम बुडाला आणि घोडेवाले, टॅक्सीवाले, हॉटेलांतले कामगार यांची वर्षाची मुख्य कमाई एका फटक्यात गेली. सांगली जिल्ह्यातील पहिले रुग्ण मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात सापडल्याने तेथील निर्बंध तर फारच कडक होते.

सांगलीच्या कृष्णाकाठच्या घरांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात त्यांच्या कणग्या, भांडी, जनावरे आणि साठवलेला पैसा गेलेला होता. त्यातून जेमतेम सावरत असताना टाळेबंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. दोन वर्षांत तीन आघात सोसलेल्या कुटुंबाला पाचशे-हजाराची मदत ‘अडचणीपुरता आधार’ म्हणून देणे म्हणजे त्याची अडचण समजलेलीच नाही.

केंद्र सरकारने रोख मदत कोणाला दिली?

२६ मार्च २०२० रोजी १ लाख ७० हजार कोटी रुपयांचे प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेज जाहीर झाले. त्यात जनधन खाते असलेल्या सुमारे २० कोटी महिलांना एप्रिल ते जून असे तीन महिने दरमहा ५०० रुपये देण्यात आले. केंद्राच्या निवृत्तिवेतन योजनांतील गरीब वृद्ध, विधवा आणि दिव्यांग यांना दोन हप्त्यांत मिळून १,००० रुपये मिळाले. पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलमध्ये जमा झाला, मात्र ती वाढीव मदत नव्हती. वर्षाला मिळणाऱ्या ६,००० रुपयांतलाच तो एक हप्ता होता आणि तो लवकर दिला गेला, एवढेच. शिवाय ज्याच्या नावावर जमीन नाही त्या शेतमजुराला आणि तोंडी बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या वाटेकऱ्याला त्यातले काही मिळण्याची सोय नव्हती. उज्ज्वला योजनेतील महिलांना तीन सिलिंडर मोफत होते.

पाचशे रुपयांत महिना कसा काढायचा?

निघत नव्हता. ५०० रुपये म्हणजे दिवसाला १६-१७ रुपये, आणि पाच माणसांच्या घरात माणशी तीन रुपयांच्या आसपास. तरीही या पैशाला कमी लेखू नये, असे मला प्रामाणिकपणे वाटते. धान्य घरात असताना तेल, मीठ, तिखट, साबण आणि आजारी मुलाचे औषध यांसाठी त्याच नोटा उपयोगी पडल्या, आणि त्या बाईच्या खात्यात आल्या हे महत्त्वाचे होते. तक्रार रकमेच्या आकाराबद्दल आहे आणि मदत तीन महिन्यांत थांबली याबद्दलही आहे. काम मात्र जुलैत पूर्ववत झाले नव्हते.

शेजारणीला पैसे आले, मला आले नाहीत. माझी परिस्थिती तिच्याहून वाईट असताना असे का?

सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला हा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मदत परिस्थिती पाहून दिली गेली नव्हती. ती आधीपासून तयार असलेल्या यादीवरून दिली गेली. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाली. त्यानंतर ज्या बाईचे खाते त्या योजनेखाली उघडले गेले तिला ५०० रुपये मिळाले, आणि जिने बचत गटासाठी किंवा रोजगार हमीच्या मजुरीसाठी साधे बचत खाते उघडले होते तिला मिळाले नाहीत, मग ती कितीही गरीब असो. रेशनची यादी वेगळी, जनधनची वेगळी, निवृत्तिवेतनाची वेगळी आणि बांधकाम कामगारांची त्याहून वेगळी, आणि या याद्या एकमेकींशी जुळवून पाहिलेल्या नव्हत्या. म्हणून एकाच घरात तीन ठिकाणांहून मदत आली आणि शेजारच्या पालात एकाही ठिकाणाहून आली नाही, असे घडले. त्या बाईने कोणती चूक केली नव्हती किंवा तिच्या शेजारणीने कोणाला हाताशी धरले नव्हते. टाळेबंदीच्या दिवशी कोणाचे नाव कोणत्या कागदावर होते, एवढ्यावरच सगळे ठरले होते.

विधवा आणि वृद्धांच्या बाबतीतही हाच घोळ झाला. राज्याच्या संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे पैसे घेणाऱ्या अनेकांना वाटले की केंद्राचे हजार रुपये आपल्यालाही येणार. पण ती रक्कम केंद्राच्या यादीतील लाभार्थ्यांसाठी होती आणि केवळ राज्याच्या यादीत असलेले त्यातून वगळले गेले.

यादीत नाव होते, तरीही पैसे हातात का पडले नाहीत?

खात्यात जमा होणे आणि हातात पडणे यांत बरेच अंतर असते. दोन वर्षे व्यवहार न झालेले खाते निष्क्रिय होते आणि ते पुन्हा सुरू करायला बँकेत जाऊन केवायसी करावे लागते. आधारवरून येणारी रक्कम ज्या खात्याशी आधार शेवटचे जोडले गेले त्या खात्यात जाते, त्यामुळे दोन बँकांत खाती असलेल्या बाया एका बँकेत रांग लावत होत्या आणि पैसे दुसरीत पडून होते. गर्दी टाळण्यासाठी एप्रिल २०२० मध्ये खाते क्रमांकाच्या शेवटच्या अंकानुसार दिवस ठरवून दिले होते. हे ज्यांना कळले नाही त्यांची फेरी फुकट गेली, आणि एसटी बंद असताना ती फेरी पायीच होती.

माण तालुक्यातील एका वस्तीवरच्या आजींना घेऊन मी तेव्हा एका बँक शाखेत तीन वेळा गेलो. पहिल्या दिवशी त्यांचा वार नव्हता, दुसऱ्या दिवशी कनेक्शन नव्हते आणि तिसऱ्या दिवशी यंत्राने त्यांचा अंगठा घेतला नाही. आयुष्यभर खुरपे धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात आजींचा काही दोष नव्हता. अखेर पोस्टमनने आपल्या यंत्रावर दुसरे बोट लावून पाहिले आणि पैसे निघाले. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो की अंगठा उमटला नाही तर उरलेली नऊ बोटेही लावून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि बँक मित्राने, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीने, पैसे दिल्यावर पावती किंवा शिल्लक दाखवणारा संदेश मागून घ्यावा.

राज्य सरकारने काय दिले?

२०२० मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगारांना त्यांच्या मंडळाच्या निधीतून आधी २,००० आणि नंतर ३,००० रुपये मिळाले. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निर्बंध लागू करताना तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी ५,४७६ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. तीत बांधकाम कामगार, नोंदणीकृत घरेलू कामगार, फेरीवाले आणि परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी १,५०० रुपये, निराधार व वृद्धांच्या योजनांतील लाभार्थ्यांना १,००० रुपये आणि आदिवासी कुटुंबांना खावटी म्हणून २,००० रुपये होते. अन्न सुरक्षा यादीतील व्यक्तींना एक महिना ३ किलो गहू आणि २ किलो तांदूळ मोफत देण्यात आले. २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांत सुरू झालेली शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना आणि २०२१ मध्ये काही काळ मोफत मिळाली. शहरातल्या एकट्या माणसासाठी ही थाळी सर्वांत उपयोगी ठरली. वाडी-वस्तीवर मात्र ती पोहोचण्यासारखी नव्हती.

या यादीतील ‘नोंदणीकृत’ हा शब्द पुन्हा वाचावा. नगरपालिकेच्या सर्वेक्षणात नाव असलेला फेरीवाला पात्र होता, आणि म्हसवड, जत किंवा आटपाडीच्या आसपासच्या गावांत आठवडा बाजार करत फिरणारी भाजीवाली पात्र नव्हती. बांधकामावरच्या बिगाऱ्याला नोंदणीसाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो सहज देत नाही आणि ग्रामसेवकही तो देऊ शकतात हे मजुराला ठाऊक नसते.

देहविक्रय करणाऱ्या महिलांची दखल उशिरा का होईना घेतली गेली, ही समाधानाची बाब आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये ओळखपत्राचा आग्रह न धरता त्यांना शिधा देण्याचे आदेश दिले आणि राज्याने ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांसाठी दरमहा ५,००० रुपये, तसेच शाळेत जाणारी मुले असलेल्यांना २,५०० रुपये जादा मंजूर केले. कागदापेक्षा माणूस आधी पाहिला गेल्याचे हे मोजक्या उदाहरणांपैकी एक आहे.

आमचे कार्ड केशरी आहे. मग मोफत धान्य का मिळाले नाही?

कार्डाच्या रंगावर धान्य ठरते हा गैरसमज आहे. केशरी कार्डाचे दोन गट आहेत, अन्न सुरक्षा यादीतील आणि यादीबाहेरचे. ज्यांची नावे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या प्राधान्य यादीत आहेत त्यांना माणशी ५ किलो धान्य मिळते, आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो मिळते. महामारीत प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेतून यादीतील प्रत्येकाला आणखी ५ किलो मोफत मिळाले आणि २०२० मध्ये कुटुंबामागे महिन्याला १ किलो डाळही जाहीर झाली. यादीबाहेरच्या केशरी कार्डधारकांना मे आणि जून २०२० मध्ये माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने आणि २ किलो तांदूळ १२ रुपये दराने देण्यात आला. पाच माणसांच्या घराला हे धान्य उचलायला महिन्याला २४० रुपये लागत होते, आणि दोन महिने काम नसलेल्या घरात तेवढेही नव्हते.

यादीत नाव घालायला गेल्यावर ‘इष्टांक शिल्लक नाही’ असे उत्तर मिळते. त्याचा अर्थ असा, की महाराष्ट्रात ग्रामीण भागातील ७६.३२ टक्के आणि शहरी भागातील ४५.३४ टक्के लोकसंख्येला कायद्याचा लाभ द्यायचा हे प्रमाण ठरलेले आहे आणि ते २०११ च्या जनगणनेवर बेतलेले आहे. त्यानंतर माणसे वाढली, घरे विभक्त झाली, पण राज्याचा आकडा सुमारे सात कोटींवरच थांबला. म्हणून कोणाचे नाव कमी झाल्याशिवाय दुसऱ्याचे वाढत नाही. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. मृत, स्थलांतरित आणि सधन व्यक्तींची नावे वगळण्याचा ठराव ग्रामसभेत करून घेतला, तर त्या जागी खऱ्या गरजूंची नावे घालता येतात. गावात कोणाशी वाईटपणा नको म्हणून हा विषय टाळला जातो आणि त्याची किंमत पालात राहणारे घर मोजते.

रोख रक्कम चांगली की धान्य?

हा वाद तज्ज्ञांमध्ये चालतो तसा पारावरही चालतो. माझे मत असे आहे की टाळेबंदीसारख्या काळात आधी धान्य पाहिजे आणि त्याच आठवड्यात रोख पाहिजे. बाजार बंद असेल किंवा दुकानदाराने भाव वाढवले असतील तर पैशाचे अन्न होत नाही. उलट केवळ धान्य मिळाले तर ते दळायला, शिजवायला आणि त्यासोबत खायला काही आणायला पैसा लागतोच. महाराष्ट्रात पहिल्या तीन महिन्यांत मोफत धान्य तांदळाच्या रूपात आले. ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर जगणाऱ्या दुष्काळी पट्ट्यात पोटभर तांदूळ होता आणि आमटीला डाळ नव्हती. कुटुंबाला महिन्याला १ किलो डाळ म्हणजे पाच जणांत माणशी दिवसाला सात ग्रॅमही भरत नाही, आणि तीही अनेक ठिकाणी उशिरा पोहोचली. नियमित आणि मोफत असे दोन्ही धान्य मिळालेल्या घरात पोट भरण्याइतके पीठ-तांदूळ होते, हे मान्य केलेच पाहिजे. रेशन व्यवस्था नसती तर काय झाले असते याची कल्पनाही करवत नाही.

मुंबईहून गावी परतलेल्यांनी काय करायचे होते?

पाटण, जावळी, माण, खटाव येथील कितीतरी घरांतील माणसे मुंबईत माथाडी कामात आहेत, आणि खानापूर-आटपाडीची मंडळी गलाई म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पांगलेली आहेत. ती गावी आली तेव्हा कोणाचे कार्ड मुंबईत होते, कोणाचे नाव गावच्या कार्डातून कमी झालेले होते, तर कोणाचे कुठेच नव्हते. कार्ड नसलेल्या स्थलांतरितांसाठी मे आणि जून २०२० मध्ये माणशी ५ किलो मोफत धान्याची सोय झाली. आता ‘एक देश एक रेशन कार्ड’ व्यवस्थेमुळे अन्न सुरक्षा यादीतील व्यक्ती कोणत्याही रेशन दुकानातून धान्य घेऊ शकते. ही सवलत धान्यापुरती आहे. दुसऱ्या राज्याच्या रोख योजना कार्डासोबत येत नाहीत.

रोजगार हमीचे काम मागता येते का?

येते, आणि मागितलेच पाहिजे. ग्रामपंचायतीत नमुना ४ भरून काम मागावे आणि तारखेची पोच घ्यावी. पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेरोजगार भत्त्याचा हक्क निर्माण होतो आणि पोच नसेल तर तो सिद्ध करता येत नाही. २०२०-२१ मध्ये महाराष्ट्रात दिवसाची मजुरी २३८ रुपये होती. १९७२ च्या दुष्काळाने ज्या योजनेची गरज राज्याला पटवली, तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे याच सांगली जिल्ह्याचे होते. मागेल त्याला काम, हे तिचे सूत्र. रोख मदतीच्या कुठल्याही यादीत नसलेल्या माणसालाही हा रस्ता खुला असतो, कारण येथे नाव घालण्याचा अधिकार त्याच्याच हातात आहे.

शाळा आणि अंगणवाडी बंद असताना मुलांच्या जेवणाचे काय झाले?

शालेय पोषण आहाराचा आणि अंगणवाडीचा शिजवलेला आहार बंद होऊन त्याऐवजी कोरडा शिधा घरी देण्यात आला. घरी आलेला शिधा साऱ्या कुटुंबाच्या हंड्यात जातो, त्यामुळे त्या एका मुलाच्या ताटात किती पडला हे सांगता येत नाही. तरीही अंगणवाडी सेविकांनी दारोदार जाऊन केलेले हे काम विसरण्याजोगे नाही.

बचत गट आणि मायक्रोफायनान्सचे हप्ते माफ झाले होते का?

नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्ते पुढे ढकलण्याची मुभा बँका आणि वित्तसंस्थांना दिली होती, पण त्या काळाचे व्याज चालूच राहिले. त्याचप्रमाणे फेरीवाल्यांसाठी जून २०२० मध्ये आलेली स्वनिधी योजना हे १०,००० रुपयांचे कर्ज होते, अनुदान नव्हते. पोटासाठी काढलेले हातउसने आणि हे हप्ते यांचे ओझे टाळेबंदी उठल्यावर अनेक वर्षे घरांवर राहिले.

घरातला कमावता माणूस कोरोनाने गेला. काही मिळते का?

कोरोना मृत्यूसाठी वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान ठरले होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस कोणत्याही कारणाने गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपये मिळतात. विधवा भगिनींनी संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही करावा. तिची रक्कम २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये झाली आहे.

धान्य कमी दिले किंवा नाकारले तर दाद कोठे मागायची?

पावती मागावी. रेशन दुकानात अंगठा घेणाऱ्या ई-पॉस यंत्रातून ती निघते आणि तिच्यावर किती धान्य उचलल्याची नोंद झाली ते छापलेले असते. त्यानंतर तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्यावी किंवा १९६७ या क्रमांकावर फोन करावा. हक्काचे धान्य मिळालेच नाही, तर अन्न सुरक्षा कायद्यानुसार त्याबदली भत्ता मागता येतो. ही तरतूद फारच थोड्यांना माहीत आहे.

पुन्हा असे संकट आले तर आज काय तयार ठेवावे?

घराने पाहायच्या गोष्टी थोड्या आहेत. रेशन कार्डावर प्रत्येक माणसाचे नाव, सुनेचे आणि नव्या बाळाचेही, चढलेले असावे आणि आधार कोणत्या खात्याला जोडले आहे ते माहीत असावे. त्या खात्यात वर्षातून एकदा तरी व्यवहार व्हावा. बांधकाम किंवा घरकाम करणाऱ्याने नोंदणीचे नूतनीकरण वेळेवर करावे. ग्रामपंचायतीचे काम मोठे आहे. गावात सात-बारावर, मतदार यादीत, रेशनमध्ये आणि जनधनमध्ये कुठेच न सापडणारी घरे बहुधा गावाच्या कडेला, वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडाजवळच्या खोप्यात असतात. हंगामात आलेले ऊसतोड मजूर एप्रिल २०२० मध्ये साखर कारखान्यांच्या आवारात आणि फडांवर अडकून पडले, तेव्हा त्यांना किती शिधा लागेल हे ठरवायला आधी त्यांची डोकी मोजावी लागली. ती मोजणी दर वर्षी गाळप सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच करून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवता येते, आणि त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.